डाळ शिजते ते पाणी

आमच्या घरी पाहुणा आला की माय आधी घागर हलवून पाहायची. घागरीत गोडं पाणी असेल तर चहा, नसेल तर गूळ-शेंगदाणे आणि इकडच्या तिकडच्या गप्पा. गावविहिरीचं खारं पाणी हांड्यात असायचं, त्यात चहा टाकला की दूध फाटायचं. पाहुणाही आसपासच्याच गावचा असल्यानं गूळ-शेंगदाणे समोर आले की काय ते समजून जायचा. डाळीचंही तेच. खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ दुपारपर्यंत चुलीवर ठेवली तरी दाणा दाण्यापासून वेगळाच राहायचा. साबणाला फेस यायचा नाही, धुतलेले कपडे वाळले की कडक व्हायचे आणि चार घरांआड एखाद्याला मुतखड्याचा त्रास असायचाच.

दर्यापूर तालुक्यातलं आमचं गाव. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी जो खारपाणपट्टा पसरला आहे, त्याच्या पोटात. वर जमीन काळीभोर, कापूस-तुरीची, ओल धरून ठेवणारी. हरभरा नुसत्या ओलीवर येतो. पण खाली विहीर खणा नाहीतर बोअर मारा, लागतं ते मिठाचं पाणी. पिकाला दिलं तर जमीनच बसते. त्यामुळे पाण्याच्या बाबतीत आमच्या माणसांची जीभ फार तयार असते. माझी माय एक घोट घेऊन सांगायची की हे पाणी नदीतल्या झिऱ्याचं, की टिपाडात भरून बैलगाडीवर आलेलं, की पावसाळ्यात पत्र्यावरून धरलेलं. मला यातलं काही कळत नसे. मला एवढंच कळायचं की पावसाळा उलगडला की उत्तरेला एक निळी रेघ दिसते. माय त्या रेघेकडे हात करून म्हणायची, "तथी गोड पानी हाये."

ती रेघ म्हणजे सातपुडा. त्याचा आमच्याकडचा फाटा गाविलगडचे डोंगर, आणि त्या डोंगरांतलं जंगल म्हणजे मेळघाट. आमच्या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांनी तो डोंगर आयुष्यभर फक्त लांबून पाहिला. घराचे वासे तिथून आले, बांबू तिथून आला, दवाखान्याला कंटाळलेल्यांना जडीबुटी तिथून आली. पण "डोंगरात फिरायला जाऊ" असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. डोंगरात कामाला जायचं असतं, फिरायला काय जायचं?

मी पहिल्यांदा गेलो तो सातवीच्या सहलीला, चिखलदऱ्याला. गुरुजींनी गाविलगड किल्ल्यावर नेऊन आम्हाला दरवाज्यापाशी उभं केलं आणि इतिहास सांगायला सुरुवात केली. 15 डिसेंबर 1803 ला इंग्रजांनी हा किल्ला नागपूरच्या भोसल्यांकडून घेतला, तो घेणारा वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवून आला, किल्ला पडल्यावर दोनच दिवसांत देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड निजामाच्या पदरात गेलं. गुरुजी तळमळीनं सांगत होते. आम्ही चार-पाच जण मागच्या मागे सटकून किल्ल्यातल्या तलावाकडे गेलो आणि ओंजळीनं पाणी प्यायलो. प्यायलो म्हणजे पोट तट्ट होईपर्यंत प्यायलो. उघड्यावरच्या तळ्यातलं पाणी तसं पिऊ नये हे आता कळतं. तेव्हा मात्र ते गोड होतं आणि फुकट होतं, एवढंच पुरेसं होतं. एवढं मोठं तळं भरून गोडं पाणी, आणि त्यावर कुणाचा पहारा नाही! घरी आल्यावर कीचक, भीमकुंड, पंचबोल पॉइंटचा प्रतिध्वनी, यातलं मी कुणालाच काही सांगितलं नाही. मायला सांगितलं ते तळ्याचं.

पुढे आमच्या गावात नळ आला. अंजनगाव सुर्जीच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी शहानूर नदीवर धरण झालं होतं. त्याचं पाणी पाइपातून दर्यापूर-अंजनगावकडच्या गावांना मिळू लागलं. तसंच तिकडे अकोट-तेल्हाऱ्याच्या गावांना वारी भैरवगडजवळच्या वान धरणाचं. नळ रोज येत नाही. तिसऱ्या दिवशी येतो, कधी पाचव्या. तरी ज्या दिवशी पहिल्यांदा आला त्या दिवशी मायनं पहिली डाळ चढवली. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला ती शिजली, तेव्हा माय कुकरकडे बराच वेळ पाहत राहिली होती. शहानूर नदी निघते तीही त्या डोंगरातूनच. म्हणजे मायनं दाखवलेली निळी रेघ आता आमच्या मोरीतल्या तोटीपर्यंत आली होती.

हे एवढं सगळं सांगितलं, कारण गेल्या काही वर्षांतला माझा सर्वांत चांगला प्रवास या पाण्यापासूनच सुरू होतो. निमित्त झालं ते भाच्याचं. तो पुण्यात नोकरी करतो आणि त्याच्याकडे हातभर लांब लेन्सचा कॅमेरा आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री व्याघ्र प्रकल्पात पाणवठ्यावरच्या मचाणावर बसता येतं, त्यासाठी नोंदणी करावी लागते, हे त्यानं शोधून काढलं आणि दोघांची नावं घालून टाकली. मला फोन करून सांगितलं तेही असं, "मामा, नाही म्हणू नका, वाघ दाखवतो तुम्हाला."

या रात्रीला पूर्वी गणना म्हणायचे. वैशाखात जंगलातलं पाणी आटून मोजक्या जागी उरतं, जनावराला तिथं यावंच लागतं, आणि पौर्णिमेच्या उजेडात ते दिसतं, असा त्यामागचा साधा हिशोब. वाघ तेव्हा पायाच्या ठशांवरून मोजत. 2006 पासून देशभरातली मोजणी झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांवर गेली, त्यामुळे या रात्रीच्या आकड्यांना आता तसं वजन उरलेलं नाही. नावही बदललं, निसर्गानुभव म्हणतात. मला जुनं नावच बरं वाटतं. अनुभव घ्यायला जाणारा माणूस आधीच जरा ऐटीत असतो. मोजायला जाणाऱ्याला निदान गप्प बसावं लागतं.

परतवाडा सोडलं की घटांगच्या बाजूनं रस्ता चढायला लागतो आणि दहा-पंधरा मिनिटांत सगळं बदलतं. खाली संत्र्याचे बगीचे, केळी, पानमळे. इथे मे महिन्यातला साग, पूर्ण नागडा, पायाशी त्याच्या पानांचा खरखरीत थर. कोरकू भाषेत सागाला सिपना म्हणतात. तेच नाव नदीचंही. सिपना, गडगा, खापरा, खंडू आणि डोलार, मेळघाटातल्या या पाच नद्या उत्तर-पश्चिमेकडे तापीला जातात. आमच्या बाजूला उतरतात त्या शहानूर, वान, चंद्रभागा अशा नद्या. त्या पूर्णेला मिळतात आणि पूर्णा पुढे चांगदेवला तापीलाच मिळते. म्हणजे डोंगराच्या धारेवर पडलेला पावसाचा थेंब इकडे घसरला काय आणि तिकडे घसरला काय, भेट शेवटी चांगदेवलाच. फरक इतकाच की इकडे घसरलेला थेंब वाटेत आमच्या कुकरमध्ये जाऊन येऊ शकतो.

आदल्या दिवशी भाच्याला चिखलदरा पाहायचं होतं म्हणून तिकडे वाकडी वाट केली. शनिवार होता. उन्हाळ्यातही वर गर्दी. पावसाळ्यात तर शनिवार-रविवारी धुक्यात गाड्यांची रांग दिसते आणि डोंगर दिसत नाही. मक्याची कणसं, गवळ्यांची रबडी, घोड्यावर बसून फोटो. दरीवर काचेचा स्कायवॉक व्हायचाय त्याची चर्चा प्रत्येक टपरीवर. गोराघाट पॉइंटपासून हरिकेन पॉइंटपर्यंत 407 मीटर, पायाखाली काच आणि काचेखाली दरी. भाचा म्हणाला, "भारी होईल." मी काही बोललो नाही. झाला की मीही जाऊन उभा राहीन, खोटं कशाला बोलू? 1823 मध्ये हैदराबादच्या फौजेतल्या कुणा कॅप्टन रॉबिन्सनला ही जागा आवडली आणि तेव्हापासून खालचा माणूस इथे हवा खायला येतोच आहे. 1,100 मीटरच्या वरची हवा आहे, इथे कॉफी पिकते. खालच्या 44 अंशांतून आलेल्या माणसानं इथे उभं राहून "हाऽऽ" केलं तर त्यात चूक काय?

पण परतताना एका वस्तीपाशी गाडी थांबवावी लागली, कारण रस्ता टँकरनं अडवला होता. टँकरचा जाड पाइप विहिरीत सोडलेला, वरून पाणी धाडधाड विहिरीच्या तळाशी पडत होतं आणि विहिरीच्या काठावर चहूबाजूंनी बाया, पोरी दोर लावलेल्या बादल्या घेऊन वाकलेल्या. पाणी तळाला टेकायच्या आत बादल्या खाली. दोराला दोर अडकत होते, भांडणं कोरकूत होत होती आणि मला एकही शब्द कळत नसताना सगळं भांडण कळत होतं. तेच भांडण मी टिपाडांच्या गाडीपाशी लहानपणी रोज ऐकलं होतं.

चिखलदरा तालुक्यातल्या कितीतरी गावांचे उन्हाळे असेच जातात; खडीमलसारख्या गावाचं नाव तर दरवर्षी टँकरच्या बातमीत असतंच. इथे पाऊस कमी नाही, वर 1,000 मिलिमीटरच्या पुढेच पडतो. पण खडक काळा, ज्वालामुखीचा, थरावर थर बसलेला. पाणी त्यात मुरायला तयार नसतं. पडतं आणि दऱ्या-नाल्यांतून धावत खाली जातं. जिथे झाडोरा आणि पाचोळा जाड आहे तिथे ते थबकतं, थोडं आत शिरतं आणि पुढे महिनेच्या महिने झिरपत राहतं. बाकी सगळं खाली. पायथ्याच्या दगडगोट्यांच्या पट्ट्यात जिरतं, त्यावर संत्री उभी राहतात. उरलेलं धरणात अडतं, ते आमच्या नळाला येतं. मी गाडीत बसून या बायांकडे पाहत होतो आणि माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली पायापाशी सरकवून ठेवत होतो. का, ते नीट सांगता येणार नाही.

इथल्या गावांची नावं तरी पाहा. सेमाडोह, आमझरी, काटकुंभ, केलपाणी, चौराकुंड, नुसतं कुंड. डोह, झरी, कुंभ, पाणी, कुंड. खालच्या मैदानात आमची गावं माणसांच्या, देवांच्या, झाडांच्या नावांनी बसली. इथे माणूस आधी पाणी सापडलं तिथे थांबला आणि त्या पाण्याचंच नाव सांगत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सेमाडोहला सगळ्यांना नियम सांगितले. भडक कपडे नकोत, अत्तर नको, उजेड नको, सकाळी गाडी येईपर्यंत खाली उतरायचं नाही. मग जिप्सीतून एकेका मचाणावर दोन-दोन माणसं आणि सोबत एक स्थानिक माणूस असं सोडत गेले. आमच्यासोबतचा कोरकू होता, पंचेचाळीसच्या आसपासचा, बारीक, आणि बोलणं हिंदी-वऱ्हाडीची मिसळ. भाच्यानं मचाणावर चढताच विचारलं, "दादा, वाघ येईल ना?"

"कुला मामा हाये तो," तो म्हणाला. कोरकूत कुला म्हणजे वाघ. "मामाच्या मनात आलं त येईन."

"म्हणजे मी इथे दोन-दोन मामांच्या मर्जीवर," भाचा म्हणाला. तो माणूस हसला आणि नंतर रात्रभर आमच्यात जे काही बोलणं झालं ते त्या हसण्यामुळेच झालं असावं.

इथे एक सांगून टाकतो. मेळघाटात वाघ सहज दिसत नाही. ताडोब्यात सपाट रस्ते आहेत, तलाव आहेत, वाघ रस्त्यावर येऊन बसतो आणि गाड्या ओळीनं उभ्या राहतात. इथे जंगल उभं आहे. एका वळणाला दरी, दुसऱ्याला बांबूची भिंत. प्रकल्पाचा एकूण पसारा 2,768 चौरस किलोमीटर; त्यात 1,500 चौरस किलोमीटर गाभा आणि गाभ्याच्याही आत 361 चौरस किलोमीटरचं गुगामल राष्ट्रीय उद्यान. वाघाला लपायला हे उदंड झालं. 1970 च्या दशकात देशात पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले त्यांत हा होता, महाराष्ट्रातला पहिला. पन्नास वर्षं तो वाघाचा म्हणून ओळखला जातोय आणि पन्नास वर्षं पर्यटक इथून हात हलवत परत जातायत. भाच्याला मी हे आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यानं आम्हाला ताडोब्याला नेलं असतं.

मचाणाखाली नाला होता. पांढरट गोटे, वाळू, आणि एका जांभळाच्या मुळांपाशी खोलगट जागेत उरलेलं दोन खाटांएवढं पाणी. बस्स, एवढंच. त्याच्याकडे आम्ही तिघं चौदा तास पाहणार होतो.

ऊन उतरताना वानरं आली, प्यायली, भांडली, गेली. मोर आला. पावशा कुठंतरी "पेरते व्हा, पेरते व्हा" करत होता. खाली ते ऐकलं की बियाण्याच्या उधारीची आठवण होते, इथे नुसतं गाणं वाटलं. सोबतच्या माणसानं एका वठलेल्या फांदीकडे बोट केलं. एक लहानसा, गुटगुटीत पिंगळा भर उजेडात बसला होता. रानपिंगळा. भाच्यानं फोटो काढला आणि पुन्हा पाणी पाहायला लागला. मी त्याला हळूच सांगितलं की हा पक्षी 1884 नंतर 113 वर्षं कुणाला खात्रीनं दिसलाच नव्हता, जगातून गेला असं धरून चालले होते. 1997 मध्ये तो शहाद्याकडच्या जंगलात, याच सातपुड्यात सापडला आणि मग मेळघाटातही. भाच्यानं कॅमेरा पुन्हा वळवला, पण फांदी रिकामी होती. "आधी सांगायचं ना मामा!"

मग चंद्र वर आला आणि जंगलाचं काम सुरू झालं. मी लिहायला म्हणून वही नेली होती. त्यात पान भरत काही नाही. आठच्या सुमारास रानडुकरं, सात. साडेनऊला अस्वल. ते दिसण्याआधी ऐकू आलं. पाचोळा तुडवत, नाकानं सुस्कारत, स्वतःशीच कुरकुर करत आलं आणि इतकं मोठ्यानं पाणी प्यायलं की आमच्या गावातल्या एका काकांची आठवण झाली, बशीत चहा पिणाऱ्या. त्यानंतर पाच तास काहीही नाही. रातवे टकटक करत राहिले. मध्येच लांबवर सांबर ओरडलं, एकदाच, पोंक, आणि सगळं रान कान टवकारून बसल्यासारखं झालं. सोबतच्या माणसानं माझ्या गुडघ्यावर बोट टेकवलं, म्हणजे हलू नका. आम्ही हललो नाही. मामा आला असेल तर त्याच्या मनात पाण्यापाशी यायचं नव्हतं.

अशा वेळी माणूस काय करतो? मी पाण्याकडे पाहत राहिलो. चंद्र त्यात एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे सरकत गेला. मला लहानपणीची ती रांग आठवली, नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्याभोवतीची. खड्ड्यात पाणी वाटीवाटीनं जमायचं, ते भरेपर्यंत थांबायचं, वाटीनं काढायचं, पुन्हा थांबायचं. पहाटे चारला मायसोबत जाऊन बसलो की उजाडेस्तोवर दोन घागरी. तेव्हा ते ओझं होतं. आता त्यासाठी नोंदणी करून, पैसे भरून, शंभरएक किलोमीटर येऊन मी पाण्याशेजारी रात्र काढत होतो आणि याला सुट्टी म्हणत होतो. हसू आलं. पण खरं सांगतो, बसायची सवय तीच होती. भाचा चारदा झोपला, मी एकदाही नाही.

पावणेचारला रानगवे आले. आवाज नाही, काही नाही. एका क्षणी नाला मोकळा होता आणि दुसऱ्या क्षणी त्यात काळे खडक उभे होते, पायात पांढरे मोजे घातलेले. मोजले, नऊ, त्यात दोन वासरं. एकेकजण पुढं यायचा, प्यायचा, मागं सरायचा. दोन खाटांएवढं पाणी आणि नऊ गवे, तरी ढकलाढकली नाही. सगळ्यात मोठा बैल शेवटी प्यायला. मग तो मान वर करून आमच्या मचाणाकडे बघत राहिला, इतका वेळ की मी श्वासही बेतानं घेत होतो. भाच्याचा कॅमेरा मांडीवर होता. त्यानं तो उचललाच नाही.

उजाडल्यावर गाडी यायला वेळ होता. सोबतच्या माणसानं खाली उतरून कानोसा घेतला आणि आम्हाला बोलावलं. गव्यांनी डोह ढवळून टाकला होता, नुसता गाळ. आमच्या बाटल्या रात्रीच संपल्या होत्या. त्यानं डोहाच्या वरच्या अंगाला, दहा-बारा पावलांवर वाळूत बसून हातानं खणायला सुरुवात केली. कोपरभर खणलं तेव्हा खड्ड्याच्या कडेनं पाणी झिरपायला लागलं.

"झिरा," मी म्हणालो.

त्यानं वर पाहिलं. "तुमच्याकडंबी झिरा मनते?"

मग मी त्याला आमच्या गावचं पाणी सांगितलं. फाटणारा चहा, न शिजणारी डाळ, मुतखडे. तो खड्ड्यातलं पहिलं गढूळ पाणी हातानं उपसून टाकत होता. पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मालूम हाये. माहा साडू खाली गेला ना. अकोटच्या बाजूनं."

खाली गेला म्हणजे पुनर्वसनात गेला. गाभा क्षेत्र मोकळं करण्यासाठी इथली गावं एकेक करून उठली. बोरी, कोहा, कुंड ही आधीची, मग पुढे आणखी. नव्या योजनेत कुटुंबामागे 10 लाख मिळाले. काहींनी जमीन घेतली, काहींनी मोटारसायकल घेतली आणि जमीन घेतली नाही. 2019 च्या जानेवारीत खाली गेलेल्यांपैकी काही जण परत वर आपल्या जुन्या गावांत येऊन बसले, तेव्हा वनखात्याचे लोक, पोलीस आणि त्यांच्यात मोठी मारामारी झाली होती. दोन्हीकडचे जखमी झाले. उठलेल्या गावांच्या शेतांत आता गवत वाढलंय आणि त्या गवतावर सांबर-गवे वाढलेत, हेही खरं आहे. रात्री आम्ही मोजलेले नऊ कदाचित त्या गवतावरचेच. मला यातलं कुठलंही एक वाक्य बोलून दुसरं गिळता येत नाही.

"साडू काय म्हणतो मग?" मी विचारलं.

"बाकी सब ठीक हाये मनते. रोड हाये, इस्कूल हाये, दवाखाना हाये. बस पानी…" त्यानं जिभेला चव नसल्यासारखं तोंड केलं. "बोअरचं पानी खारं. साडूची बायको मनते, चाय फटते." मग थोडं थांबून, "तुमच्या गावात आता नल हाये मनले ना? त्याचं पानी कोठून येते?"

"शहानूर धरणातून."

"मंजे इथूनच."

"इथूनच," मी म्हणालो. खरं तर तो नाला सिपनेकडे जाणारा होता, शहानूर डोंगराच्या दुसऱ्या अंगाला. पण ती दुरुस्ती करायची वेळ नव्हती. खड्ड्यातलं पाणी आता निवळलं होतं. त्यानं पळसाच्या पानाचा द्रोण करून आधी मला दिलं, मग भाच्याला, मग स्वतः प्यायला. भाच्याची रिकामी बाटली त्यानं द्रोणाद्रोणानं भरून दिली. गाडी येईपर्यंत तेच चाललं होतं.

घरी पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. नळाचा पाचवा दिवस होता आणि नळ आलेला नव्हता. माय आता थकली आहे, खाटेवरूनच सगळं चालवते. भाच्यानं तिला कॅमेऱ्यात रानपिंगळा दाखवला, तिनं डोळे बारीक करून पाहिला आणि म्हणाली, "हा त आपला पिंगळा होय. यासाठी इतक्या दूर गेल्ते?" मग मी बाटली तिच्या हातात दिली. तिनं बाटलीला तोंड न लावता वरूनच घोटभर प्यायलं, तोंडात फिरवलं, गिळलं.

"कोठचं हाये सांग," मी म्हटलं.

"आपल्या नळाचंच त हाये," ती म्हणाली. "पन ताजं."

मी तिला सिपना, शहानूर, डोंगराची धार, पाणी कुठल्या अंगाला उतरतं हे समजावून सांगायला लागलो. तिनं अर्ध्यातच बाटली सुनेकडे दिली. "घरात गोड पानी नाई. यातली डाळ टाक."

भाचा "आजी, अगं ते…" म्हणेपर्यंत झाकण फिरलं होतं.